खऱ्या वाफेची मॉडेल इंजिनं: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

वाफेवर खरोखर चालणाऱ्या छोट्या रेल्वे इंजिनाकडे पाहताना नजर आधी चाकांवरच्या दांड्यांवर जाते. दांड्या जितक्या जास्त, तितकं इंजिन अस्सल वाटतं आणि किंमतही तितकी चढते. म्हणून हा आढावा दांड्यांपासूनच सुरू करू. विषय ३२ आणि ४५ मिमी रुळांवरच्या, बागेत किंवा गच्चीवर चालवायच्या इंजिनांपुरता आहे. माणसं बसवून ओढणारी ५ इंची, ७¼ इंची इंजिनं हा निराळा संसार आहे. तिथला हिशेब इथे लावू नये.

आधी मापांचा घोळ निस्तरू. दार्जिलिंग आणि नेरळ-माथेरान या दोन्ही गाड्या २ फुटी, म्हणजे ६१० मिमी रुळांच्या. ३२ मिमी रुळावर त्या १:१९ मापात बसतात. इंग्लंडात याला १६ मिमी स्केल म्हणतात, कारण तिथे १६ मिमी म्हणजे एक फूट. ४५ मिमी रुळावर दोन वेगळी जगं नांदतात. १:२०.३ घेतलं तर अमेरिकेतली ३ फुटी नॅरोगेज होते, १:३२ घेतलं तर १४३५ मिमीची स्टँडर्ड गेज. बार्शी लाइट रेल्वेच्या चाहत्यांची मात्र पंचाईत आहे. तिचा ७६२ मिमीचा रूळ १६ मिमी स्केलमध्ये बरोबर ४० मिमी होतो, म्हणजे ३२ वर गाडी अरुंद आणि ४५ वर रुंद.

बाजारात साधारण तीन पायऱ्या आहेत. खाली मॅमॉड आणि तशीच खेळण्यांच्या घराण्यातली इंजिनं, काही शेकडो पौंडांची. मध्ये डॉनकास्टरच्या राउंडहाउसची आणि अ‍ॅक्युक्राफ्टची गॅसवरची इंजिनं. यातली साधी हजार पौंडांच्या आगेमागे मिळतात आणि नटलेली त्याच्या दोन-तीन पट जातात. वरच्या पायरीवर जपानी अ‍ॅस्टरसारखी, १:३२ मापाची, स्पिरिटवर पेटणारी, पूर्ण व्हॉल्व्ह गिअरची (म्हणजे वाफ आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या पूर्ण जुळणीची) इंजिनं. त्यांना कित्येक हजार पौंड मोजावे लागतात. भारतात मागवायचं तर वाहतूक आणि सीमाशुल्क वर. ते दर बदलत असतात, ऑर्डर देण्याआधी त्या आठवड्याचा दर पाहावा.

आता खरा प्रश्न. पायरीगणिक यंत्र किती अचूक होतं?

मॅमॉडच्या इंजिनात सिलिंडरच झुलतो. पिस्टनची दांडी थेट क्रँकला जोडलेली असते, सिलिंडर एका खिळीवर डोलतो आणि डोलताना त्याच्या पाठीवरचं भोक कधी वाफेच्या, कधी बाहेर जाणाऱ्या भोकासमोर येतं. व्हॉल्व्ह नाही, एक्सेंट्रिक (आसावर केंद्र सोडून बसवलेली, व्हॉल्व्ह हलवणारी चकती) नाही. दोन सपाट पृष्ठभाग एका स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेले, बस. दाब वाढला की वाफ स्प्रिंगला हरवून फटीतून निसटते आणि स्प्रिंग आवळली की घर्षण वाढतं. त्यामुळे ही रचना कमी दाबावरच सुखी असते. मागे न्यायचं झालं तर वाफेची आणि बाहेर जाण्याची वाट आपसात बदलायची. खऱ्या इंजिनाशी याचं नातं चाकं आणि धूर एवढंच. पण त्यात मोडण्यासारखं फार काही नाही. गळायला लागलं तर सपाट काचेवर १०००चा पॉलिश पेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून दोन्ही तोंडं घासली की काम होतं.

पुढची युक्ती अशी की सिलिंडर स्थिर, एक्सेंट्रिक पक्का आणि दिशा बदलायला तीच वाटांची अदलाबदल. अ‍ॅक्युक्राफ्टच्या ‘रूबी’ या लहान टाकीवाल्या इंजिनाची जातकुळी ही. या युक्तीची एक अट आहे. भोकांच्या सपाट तोंडावर सरकणारा साधा डी-व्हॉल्व्ह इथे चालत नाही, कारण वाटा बदलल्या की वाफ त्याच्या पोटात शिरते आणि त्याला तोंडावरून उचलून फेकते. म्हणून गोल भोकात दट्ट्यासारखा सरकणारा पिस्टन व्हॉल्व्ह घ्यावा लागतो, आणि पिस्टन व्हॉल्व्ह म्हटला की तो भोकात शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने बसायला हवा. सैल बसला तर तो कायमचा गळतो, कारण सपाट व्हॉल्व्हसारखा वापरून वापरून बसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ गेली की तिचं पाणी होतं. डी-व्हॉल्व्ह अशा वेळी पाण्याच्या दाबाने किंचित उचलला जातो आणि पाणी सुटून जातं. पिस्टन व्हॉल्व्ह उचलला जात नाही. पाणी अडकतं, पिस्टन त्यावर आदळतो आणि लहान दांडी वाकायला तेवढं पुरतं. म्हणून अशा इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफेची चावी, सुरुवातीला एकदम उघडू नये. इंजिन हाताने चार-सहा वेळा पुढेमागे ढकलावं, धुराड्यातून पाणी उडायचं थांबलं की मगच सोडावं.

तिसरी रचना म्हणजे स्लिप एक्सेंट्रिक, आणि या सगळ्या बाजारात सगळ्यात कमी लेखलेली. राउंडहाउसच्या ‘मिली’सारख्या बेसिक मालिकेतल्या इंजिनांत ती फ्रेमच्या आत दडलेली असते, म्हणून बाहेरून इंजिन ओकंबोकं दिसतं. एक्सेंट्रिक आसावर सैल असतो आणि एक खिळी त्याला ओढत नेते. इंजिन पुढे ढकललं की खिळी एका बाजूला टेकते, मागे ढकललं की दुसऱ्या. दिशा बदलायला इंजिन हाताने अर्धा फेरा ढकलावं लागतं, ही तिची गैरसोय. फायदा समजायला लॅप म्हणजे काय ते पाहावं लागेल.

व्हॉल्व्ह भोकांपेक्षा थोडा लांब केला की पिस्टन टोकाला पोहोचण्याआधीच वाफ बंद होते आणि आत असलेली वाफ फुगून उरलेलं काम करते. या जास्तीच्या लांबीला लॅप म्हणतात. लॅप असला की एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० अंश पुढे असून भागत नाही, आणखी काही अंश पुढे हवा. मागे जाताना तेवढाच दुसऱ्या बाजूला. पक्का एक्सेंट्रिक दोन्ही दिशांना हे देऊ शकत नाही. स्लिप एक्सेंट्रिक देतो, कारण त्याच्या दोन जागा असतात. म्हणजे एवढ्या स्वस्त रचनेत वाफेचं वेळापत्रक खऱ्या इंजिनासारखं ठेवता येतं.

आता बाहेरच्या दिमाखदार दांड्या. बेल्जियमच्या वॉलशार्टने १८४४ साली काढलेल्या गिअरमध्ये व्हॉल्व्हला दोन ठिकाणांहून हालचाल मिळते. चाकाच्या क्रँकवर बसवलेला छोटा रिटर्न क्रँक आणि वळणदार लिंक मुख्य हालचाल देतात. क्रॉसहेडला, म्हणजे पिस्टनच्या दांडीच्या टोकाला, जोडलेली कॉम्बिनेशन लिव्हर तीत लॅपपुरती भर घालते. मधल्या किमतीच्या बऱ्याच इंजिनांत ‘सिम्प्लिफाइड वॉलशार्ट’ असतो, राउंडहाउसची ‘लेडी अ‍ॅन’ त्यातलीच. सिम्प्लिफाइड म्हणजे कॉम्बिनेशन लिव्हर गाळलेली. ती गाळली की लॅप ठेवता येत नाही आणि वाफ जवळजवळ पूर्ण स्ट्रोकभर आत जाते. लिंक असल्यामुळे कॅबमधून किंवा रेडिओ सर्व्होने दिशा बदलता येते आणि दांड्या डोळ्यांना सुख देतात. पैसे त्याचे आहेत. सिलिंडरच्या आतलं वेळापत्रक मात्र स्वस्त स्लिप एक्सेंट्रिकपेक्षा कच्चं आहे.

मग पूर्ण वॉलशार्टवाल्या महाग इंजिनांनाच सलाम करायचा का? इथे थोडं गणित हवं. ९/१६ इंच व्यास आणि ५/८ इंच स्ट्रोक हे या वर्गात सर्रास दिसणारं सिलिंडरचं माप. दाब ४० पीएसआय, म्हणजे साधारण २.७५ बार. चाक ३५ मिमीचं धरलं तर दोन सिलिंडर मिळून रुळावर २.६ किलोच्या आसपास ओढ देऊ शकतात. इंजिनाचं वजन धरा ३ किलो. लोखंडी चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाची मानली तर ६०० ग्रॅमला चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणजे चाक घसरवायलाही सिलिंडरमध्ये ९ ते ११ पीएसआय पुरे. ४० ची गरजच पडत नाही, रेग्युलेटर ती वाफ चिमटीत धरून सोडतो. अशा गळा आवळलेल्या वाफेला लवकर बंद करून फुगवण्यात बचत कसली?

वर आकाराचा नियम आडवा येतो. १:१९ मापात सिलिंडरच्या आकारमानाच्या तुलनेत त्याची भिंत १९ पट जास्त पडते, त्यामुळे वाफ फुगण्याआधीच भिंतीवर पाणी होऊन बसते. दार्जिलिंगच्या बी-क्लासचे सिलिंडर ११ गुणिले १४ इंचांचे. १:१९ मध्ये ते १४.७ गुणिले १८.७ मिमी होतात. माप हुबेहूब ठेवता येतं, वाफेला मात्र लहान करता येत नाही.

आणि सांध्यांचं काय? पूर्ण वॉलशार्टमध्ये एका बाजूला आठेक सांधे असतात: रिटर्न क्रँकची खिळी, लिंकचा पाय, लिंकची धुरी, डाय ब्लॉक, रेडियस रॉड, युनियन लिंकची दोन टोकं, व्हॉल्व्ह स्पिंडल. खऱ्या इंजिनात खिळीत अर्धा मिमी प्ले (ढिलाई) असला तर स्केलप्रमाणे मॉडेलमध्ये ०.०२६ मिमी हवा. कारखान्यातून ०.०५ मिमीने आलं तरी चांगलं काम म्हणायचं. सगळे सांधे एकाच दिशेने ढिले पडत नाहीत, पण सहा सांध्यांचा प्ले साचला तरी ०.३ मिमी होतो. वाफेचं भोक दीड मिमी रुंद असेल तर त्याचा पाचवा हिस्सा वेळापत्रकातून गेला. स्लिप एक्सेंट्रिकमध्ये सांधे दोन. म्हणून घसटलेलं महागडं वॉलशार्ट लंगडत चालतं आणि जुनंपानं स्लिप एक्सेंट्रिक टिकटिक करत राहतं. अ‍ॅस्टरची किंमत पटते ती या ठिकाणी. तिथे दांड्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक खिळीच्या बसण्याला पैसे पडलेले असतात. ते पैसे वसूल व्हायचे तर लांब, सपाट रूळ आणि जड गाडी हवी. गच्चीवरच्या १२ फुटी गोलात ते इंजिन कोंडल्यासारखं चालतं, बरीच मोठी इंजिनं तर एवढ्या वळणात बसतही नाहीत.

वळणांवरून माथेरान आठवतं. १९०७ च्या ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते, टोकाची चाकं वळणात स्वतःहून तिरपी व्हायची. मॉडेलमध्ये ही रचना हुबेहूब करणं म्हणजे घड्याळजीचं काम. त्याऐवजी मधल्या आसाला दोन्हीकडे १ मिमी आडवा प्ले ठेवला की इंजिन मुकाट वळतं. इथे अचूकतेवर खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत.

मग खर्च कशावर करावा? पहिला नंबर बॉयलरचा. तांब्याचा, चांदीच्या डाकाने जोडलेला, दुप्पट दाबाला पाण्याने तपासल्याचा दाखला असलेला. मऊ डाक १८५ अंशांच्या आसपास वितळतो. ४० पीएसआयला वाफ १४२ अंशांची असते, म्हणून पाणी असेपर्यंत तो टिकतो. बॉयलर एकदा कोरडा जळला की सांधा सुटला. चांदीचा डाक ६०० अंशांपलीकडे जातो. प्रेशर गेज नसलेलं इंजिन घेतलं तर गेज वेगळं बसवावं.

दुसरा नंबर रेग्युलेटरचा. हळू चालणं हीच या इंजिनांची खरी परीक्षा, आणि ती व्हॉल्व्ह गिअरपेक्षा सुईच्या उतारावर अवलंबून असते. पाव फेऱ्यात बंद ते सुसाट होणारा रेग्युलेटर असेल तर बाकीची सगळी अचूकता वाया. तिसरा नंबर क्वार्टरिंगचा, म्हणजे दोन बाजूंचे क्रँक बरोबर ९० अंशांत असणं. दाबून बसवलेली चाकं कालांतराने आसावर सरकतात आणि प्रत्येक फेऱ्यात एक जड जागा तयार होते. रंग, रिव्हेट, नावाच्या पितळी पाट्या सगळ्यात शेवटी.

वापरलेलं इंजिन घेताना पुढच्या तपासण्या पाऊण तासात होतात. थंड इंजिन रेग्युलेटर उघडा ठेवून रुळावर बोटाने ढकलावं. जड जागा एकाच ठिकाणी येत असेल तर क्वार्टरिंग किंवा वाकलेली दांडी. मग सायकलच्या पंपाने बॉयलरमध्ये १० पीएसआय हवा भरावी, त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी अ‍ॅडॅप्टर लागतो. चाकं धरून ठेवावी, रेग्युलेटर उघडावा आणि धुराड्याशी कान लावावा. सतत फुसफुस म्हणजे व्हॉल्व्ह किंवा पिस्टन गळतो आहे. चाक दोन-चार जागी फिरवून ऐकावं.  सोडून दिल्यावर एका फेऱ्यात सारख्या अंतराने चार धापा ऐकू यायला हव्या. लंगडत असतील तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, चुकली आहे.

टायमिंग लावणं अवघड नाही, किचकट आहे. व्हॉल्व्ह ज्या कप्प्यात असतो त्या स्टीम चेस्टचं झाकण काढावं. चाक पुढच्या दिशेने फिरवत पिस्टन एका टोकाला आणावा आणि त्या बाजूचं भोक किती उघडलं ते फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावं. मग दुसऱ्या टोकाला. दोन्ही उघडणी सारखी नसेल तर व्हॉल्व्ह स्पिंडलवर पुढे किंवा मागे सरकवायचा. ब्रिटिश इंजिनात ८ बीए या ब्रिटिश मापाचे आटे असले तर पूर्ण फेऱ्याला ०.४३ मिमी, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला साधारण ०.२ मिमी. फरकाच्या अर्ध्याइतकंच सरकवायचं, नाहीतर चूक उलटी होते. दोन्ही टोकांना सारखं झालं पण दोन्हीकडे उशिरा उघडतं असं दिसलं, तर दोष स्पिंडलचा नाही. रिटर्न क्रँक किंवा एक्सेंट्रिक सरकला आहे. झाकणाचा गॅस्केट पुन्हा लावताना त्यावर स्टीम ऑइल चोळावं. दांडी बाहेर येते त्या ग्लँडमध्ये ग्राफाइट किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) धागा, आणि ओ-रिंग व्हायटॉनचीच. हार्डवेअरच्या दुकानातली काळी नायट्राइल रिंग या तापमानाला काही फेऱ्यांत कडक होते.

आता आपल्या हवेतल्या अडचणी, ज्या ब्रिटिश पुस्तिकेत सापडत नाहीत. तिथे थंडीत गॅसचा दाब पडतो म्हणून ब्यूटेन-प्रोपेन मिश्रण भरतात. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांना नुसता ब्यूटेन टाकीत पावणेतीन बारच्या आसपास दाब देतो, तेवढा भरपूर आहे. मिश्रण भरलं तर दाब त्याहून बराच चढतो, ज्योत भट्टीतून सुटून धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये जाऊन बसते आणि धुराड्याचा रंग जळतो. लायटर रिफिलचा साधा ब्यूटेन पुरे. घरगुती सिलिंडरचा गॅस कधीही भरू नये. एक तर ते बेकायदा, आणि त्यातली तेलकट घाण बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटच्या केसाएवढ्या भोकात बसते. जेट तुंबला तर तारेने टोचू नये, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. जेट काढून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवावा आणि उलट्या बाजूने गॅसचा फवारा मारावा. पेटवताना धुराड्यावर लायटर धरून गॅस अगदी हळू उघडायचा. ‘पॉप’ असा आवाज होऊन ज्योत मागे भट्टीत गेली पाहिजे. घोंघावल्यासारखा आवाज आला तर गॅस जास्त आहे.

पाण्याबाबत बोअरवेल तर सोडाच, नळाचंही नको. बॅटरीचं म्हणून मिळणारं पाणी बहुतेक वेळा डीमिनरलाइज्ड असतं आणि ते पितळातलं जस्त खातं असा अनेक जुन्या चालकांचा आक्षेप आहे. आपल्याकडे चार महिने आकाशातून उत्तम पाणी पडतं. पहिले दोन पाऊस जाऊ द्यावेत, मग गच्चीवर स्वच्छ स्टीलचं पातेलं ठेवावं आणि पाणी गाळून बाटल्या भरून ठेवाव्यात.

तेल मात्र गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही. ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल लागतं, ते ओल्या वाफेत मिसळून भिंतीला चिकटून राहतं. ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे तेलाच्या डबीत, वाफेचं पाणी होऊन तळाला बसतं आणि तेवढं तेल वर सरकून सिलिंडरकडे जातं. प्रत्येक फेरीनंतर ते पाणी सिरिंजने ओढून काढलं नाही तर पुढच्या वेळी तेलाला जागाच नसते आणि व्हॉल्व्हचं तोंड ओरखडतं. महागडं इंजिन आणि स्वस्त इंजिन, दोन्ही इथेच सगळ्यात जास्त खराब होतात.

निवडीबाबत थोडक्यात. लहान मुलांसोबत वाफ कशी काम करते ते पाहायचं असेल तर मॅमॉड घ्यावं आणि त्यात सुधारणांवर पैसे ओतत बसू नये. चालवण्याची हौस असेल आणि हाताने ढकलायला कमीपणा वाटत नसेल तर बेसिक स्लिप एक्सेंट्रिकवालं इंजिन, पैशाला सगळ्यात जास्त यंत्र तिथे मिळतं. चढ-उताराचा रूळ असेल, स्टेशनात थांबून मागे यायचं असेल तर रेडिओ कंट्रोल हवा, म्हणजे सिम्प्लिफाइड वॉलशार्ट. हे पैसे सोयीचे आहेत आणि ती सोय खरी आहे. पूर्ण वॉलशार्ट घ्यायचा तर नवीन घ्यावा किंवा कमी चाललेला. वापरलेला असेल तर रिटर्न क्रँक चिमटीत धरून हलवावा, व्हॉल्व्ह स्पिंडल हलायच्या आधी क्रँक किती फिरतो ते पाहावं. तो ५ अंशांहून जास्त फिरत असेल तर आठही खिळ्या आणि बुश बदलण्याचा लेथवरचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव बोलावा.